पावणेचारचा गजर

ठेवा ते फोन खाली. डोळे न उघडता बोट फिरवलं की गप्प होतो, तो कसला गजर? गजर चावीच्या घड्याळाचा. वाजला की शेजारीही उठून बसायचे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आहेत मी, आणि ही गोष्ट माझ्याच एका गिऱ्हाइकाची आहे.

तो बस ड्रायव्हर. सव्वीस वर्षं पहाटेची पहिली बस त्याचीच, म्हणून डेपोत त्याला सगळे 'पहिली गाडी'च म्हणायचे. गेल्या वर्षी एकोणतीस नोव्हेंबरला संध्याकाळी तो एक घड्याळ घेऊन दुकानात आला. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरीतली शेवटची फेरी होती.

"उद्या ह्याच्याच गजरावर उठायचंय," तो म्हणाला. "एकदाच वाजू दे."

घड्याळ ठीक होतं, पण गजर बंद करायचं बटण तुटलेलं. मी म्हटलं, "अहो, हे बटण आता मिळत नाही. वाजायला लागलं की चावी उतरेपर्यंत थांबायचं नाही."

"चालेल," तो म्हणाला. बटण त्यानेच तोडलं होतं, भिंतीवर आपटून.

त्याचं असं झालं होतं. घड्याळाला मागे दोन चाव्या, एक चालण्याची, दुसरी गजराची. रोज रात्री त्याची बायको दोन्ही भरायची. आणि पहाटे गजर व्हायच्या मिनिटभर आधी स्वतःच उठून बटण दाबायची. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. "अहो, उठा. पावणेचार होतायत." दचकून उठलेला माणूस गाडी नीट चालवत नाही, असं तिचं ठाम मत होतं. सव्वीस वर्षांत त्या घड्याळाचा गजर त्याने कधी ऐकला नव्हता.

त्याच वर्षी पावसाळ्यात एका पहाटे तो ऐकला.

खडबडून उठला, बटण दाबलं. ती पाठ करून पडली होती. त्याला वाटलं, आज हिला गाढ झोप लागली एकदाची. बरं वाटलं हो त्याला. दिवा न लावता आवरलं. तिच्यासाठी चहा केला, बशीने झाकून ठेवला. दार आवाज न करता ओढून घेतलं आणि दुपारपर्यंत बस चालवली.

परत आला तेव्हा बशी तशीच होती.

डॉक्टर म्हणाले, पहाटे आणलं असतं तर वाचल्या असत्या. त्या वाक्याने माणूस आतून मोडला; घड्याळ भिंतीवर आपटलं ते त्याच रात्री. गजर वाजला म्हणजेच काहीतरी बिनसलंय, एवढं आपल्याला कळू नये? एकदा वळून तिच्याकडे बघितलं असतं तर... रोज हेच. जेवताना हेच, गाडी चालवतानाही हेच. तो गजर पुन्हा वाजावा आणि आपण वळावं, एवढंच त्याला हवं होतं. वेडेपणाच. पण कुणी हसू नका.

तर एकोणतीसच्या रात्री त्याने घड्याळ उशाशी ठेवलं. गजराची चावी हलायची थांबेपर्यंत भरली. तिच्या बाजूची उशी नीट केली. भिंतीकडे तोंड करून झोपला, नेहमीसारखा.

जाग आली.

गजराने नाही.

खांद्यावर हात होता. हलका... ओळखीचा.

"अहो..."

एवढंच.

तो हलला नाही. मग मात्र वळला. ह्या वेळी वळला तो.

कुणी नव्हतं. उशी होती.

घड्याळात तीन चव्वेचाळीस. तो बघत राहिला. काटा सरकला. पावणेचार.

घड्याळाच्या वर घंटेच्या दोन वाट्या, मधे हातोडी. हातोडी थरथरली. थरथरतच राहिली. वाटीला लागेना. कुणी बोटात धरून ठेवावी तशी...

"अगं, सोड," तो म्हणाला. "उठलोय मी. बघतोय तुझ्याकडे."

हातोडी शांत झाली. घंटा वाजली नाही. घरात नुसती टिकटिक.

दुपारी शेवटची फेरी संपवून तो थेट दुकानात आला. हे सगळं त्याने मला सांगितलं. घड्याळ त्याने माझ्यापुढे सरकवलं.

"तुमच्याकडेच राहू दे."

"अहो, तिची आठवण ती. घरी ठेवा."

त्याने मान हलवली. "हे माझ्या उशाशी असलं की तिला उठावं लागतं हो. सव्वीस वर्षं उठली बिचारी. झोपू दे आता."

आणि ढसाढसा रडला, भर दुकानात, गणवेशातच.

तो गेल्यावर मी घड्याळ उघडून बघितलं. कुठे काही अडकलेलं नव्हतं. हातोडी मोकळी. बटणाच्या जागी नुसतं भोक. पहाटेचे पावणेचार होऊन गेले होते, म्हणजे गजराची चावी सगळी उतरलेली असायला हवी. मी ती फिरवून पाहिली.

फिरेना. काठोकाठ भरलेली होती.