उजवा पंखा

कंप्युटरची पेटी बर्चच्या लाकडाच्या फळ्यांची होती. सर्व्हरचा तो अवाढव्य बोर्ड दुकानातल्या एकाही पेटीत मावेना, तेव्हा इल्काने आईच्या सॉनामागे, वाफेच्या न्हाणीघरामागे, पडलेल्या फळ्या उचलून आणल्या आणि औलू शहरात बहिणीच्या स्वयंपाकघरात, कॉफीचे कप बाजूला सारून, शनिवारची सगळी सकाळ करवत चालवली.

बहीण, सैला, बाळाला खांद्यावर टाकून बघत होती. अ‍ॅनिमेशनचं काम घरून करायचं, बाळाला, तोइवोला, नजरेआड करायचं नाही, तर दणकट यंत्र हवं. आणि नवं परवडणारं नव्हतं. म्हणून भावाचा हा खटाटोप. कुठल्याशा बंद पडलेल्या सर्व्हरघरातून मोडीत निघालेला बोर्ड, त्यावर शेजारीशेजारी दोन प्रोसेसर, प्रत्येकाच्या डोक्यावर तांब्याचा जड ठोकळा आणि पंखा. घरट्यात अंडं ठेवावं तसा इल्काने प्रोसेसर खोबणीत ठेवला.

"एक पिन वाकली की संपलं," तो कुजबुजला.

एरवी दारं आपटत फिरणाऱ्या ह्या धटिंगणाची बोटं इतकी हळुवार होऊ शकतात, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

बटण दाबलं आणि विमान उडावं तसा आवाज उठला. तोइवोने दचकून भोकाड पसरलं.

"बंद कर रे मेल्या!"

इल्का कपाळावर हात मारून हसत सुटला. "चूक माझीच. बाळाची झोप मोडू नये म्हणून हळू फिरणारे पंखे लावले मी. पण हा बोर्ड जन्मभर सर्व्हरघरात राहिलेला. पंखा हळू झाला की त्याला वाटतं, मेला! मग सगळ्यांना जीव तोडून पळवतो."

"मग आता?"

"आता काय, त्याची समजूत घालायची. की बाबा रे, हळू म्हणजे मेलेला नव्हे." त्याने डोळे मिचकावले. "तुझी घालता आली असती तर किती बरं झालं असतं, बाई!"

सैलाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पण टोमणा वर्मी लागला होता. जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी तोइवो श्वास घ्यायचा विसरला होता. काही क्षणच. आता सगळं ठीक आहे, असं डॉक्टर म्हणायचे. तरी तो झोपला की ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची, आणि ऊब लागेपर्यंत स्वतःचा श्वास रोखून उभी राहायची.

बोर्डाची सेटिंग बदलून इल्काने यंत्र बाल्कनीच्या काचेपाशी, गारव्याला ठेवलं. दृष्ट लागावी असं चालायचं. जे दृश्य तयार व्हायला ऑफिसात अख्खी दुपार जायची, ते इथे भांडी आवरेपर्यंत तयार. काचेपलीकडे तोइवो, तिकडच्या रीतीप्रमाणे, लोकरीत गुंडाळून, थंडीत, बाबागाडीत झोपायचा. अलीकडे ती काम करायची. पंखे मंद घुमायचे, वर, खाली. कामाचा भार वाढला की आवाज चढतो, एवढंच तिला वाटत होतं. एकदा काम संपलं तरी तो तसाच वरखाली होत राहिला. बाल्कनीचं दार उघडं टाकून ती गाडीपाशी गेली, बोट धरलं. ऊब आली, आवाज चढला. ऊब सरली, उतरला.

तिने इल्काला फोन केला.

"अगं, तू झोप जरा," तो म्हणाला.

बर्फ पडून गेलेल्या एका दुपारी ती वेलदोड्याच्या पावासाठी पीठ मळत होती. यंत्र चालू होतं, पण त्याला काहीच काम दिलेलं नव्हतं. अचानक सगळे पंखे पहिल्या दिवसासारखे किंचाळले.

पिठाच्या हातांनी ती धावली. बोट बटणावर टेकलं.

हळू झाला की त्याला वाटतं, मेला.

बटण सोडून ती दाराकडे वळली.

तोइवो पालथा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच. तोंड जाड पांघरुणात रुतलेलं, ओठ निळे. तिने त्याला उचललं, पाठ चोळली, हाका मारल्या.

तो खोकला. मग रडला.

आत पंखे शांत झाले.

डॉक्टरांनी बाळाला तपासून घरी पाठवलं, तेव्हा इल्का येऊन बसला होता. त्याने यंत्राची तार न् तार पाहिली. "मी ठेवलं तसंच आहे सगळं. कुठलाच पंखा अडकलेला नाही. हा ओरडूच शकत नाही."

"ओरडला," सैला बर्चच्या फळीवरून हात फिरवत म्हणाली. "म्हणून माझं लेकरू आहे. ऐक."

तोइवो तिच्या मांडीवर झोपला होता. डावा पंखा त्याच्या छातीबरोबर वरखाली होत होता. इल्का वाकून ऐकू लागला.

"आणि उजवा?"

उजव्याची लय वेगळी होती. लांब, जड. मोठ्या माणसाची.

"तुझी असेल. रोख श्वास."

सैलाने रोखला. पंखा चालूच होता. इल्काने रोखला.

चालूच होता.

घरात चौथं कोणी नव्हतं.

"बंद करतो मी हे." इल्काने बटणाकडे हात नेला.

सैलाने त्याचं मनगट धरलं. "नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तोइवोला गाडीत निजवलं, पट्टा लावला, आणि गाडी काचेला अगदी चिकटवून ठेवली. दार उघडंच ठेवलं. सवयीने त्याच्या नाकाखाली बोट धरलं आणि श्वास रोखला.

मागे उजवा पंखा थांबला.

बोटाला ऊब लागली. सैलाने श्वास सोडला.

मागे, क्षणभराने, पंखा फिरला; आणखी कोणीतरी सोडला.