मावेल एवढा माणूस

प्रयोगशाळेच्या पडद्यावर फोनमधल्या मेमरीचा वापर दाखवणारी एक हिरवी रेघ हळूहळू खाली उतरत होती, आणि ती उतरते आहे म्हणून डॉ. सुहास कारखानीसांनी पेढे मागवले होते. हेमांगी अष्टेकरने पेढा हातात घेतला खरा, पण तो तोंडात टाकायचं तिला सुचेना.

"रेघ चढायला हवी होती, सर."

"उतरतेय तर तुझं तोंड का उतरलंय? मेमरीच्या चिपचे भाव ऐकलेस का? स्वस्त फोनला चार जीबी पुरली तर तो फोन कोणालाही परवडेल. सोळा घातली तर दुकानदार लांबूनच नमस्कार करतील."

कारखानीस पुण्यातल्या त्या कंपनीचे विभागप्रमुख. स्वस्त फोन आणि लॅपटॉपमध्ये किती मेमरी घालायची हे तेच ठरवत. माणूस वाईट नव्हता. गरिबाच्या हातात धड फोन पडावा असं त्यांना मनापासून वाटे. हेमांगीने त्यांच्यासाठी 'सोबती' घडवला होता, म्हणजे फोनमध्ये राहणारा बोलका मदतनीस. सोबती मालकाचं बोलणं ऐके, सवयी न्याहाळी आणि त्यावरून मालकाची एक 'मनछाप' फोनच्या मेमरीत सतत जागी ठेवी. चाचणीच्या फोनांची नक्कल तेवढी प्रयोगशाळेत येई, एरवी बाहेर इंटरनेटवर काहीच जात नसे. त्यामुळे माणूस जेवढा असेल तेवढा त्या फोनमध्येच बसवावा लागे.

"नियम तर तुझाच आहे," कारखानीस म्हणाले. "ज्याचा अंदाज करता येतो ते साठवायचं नाही."

"हो. रोज सकाळी चहा पिणाऱ्या माणसाला एक ओळ पुरते. पण जो कधी चहा पितो, कधी ताक, आणि बायकोशी भांडण झालं की नुसतं पाणी, त्याची प्रत्येक सकाळ वेगळी ठेवावी लागते. म्हणून पहिले काही आठवडे चाचणीतल्या सगळ्यांच्या मनछापा चार जीबीत कोंबाव्या लागत होत्या. फोन अडखळत होते. आता त्या आपोआप लहान होतायत."

"सोबती हुशार झाला."

"सोबतीत मी एक अक्षरही बदललेलं नाही, सर. मग बदललं कोण?"

कारखानीसांनी दुसरा पेढा उचलला.

चाचणीचे पहिले फोन घरच्यांना द्यायची त्या विभागाची रीत होती. परकी माणसं तक्रार करायला लाजतात, घरची डोकं खातात, असा त्यामागचा विचार. बाकीच्यांनी सासरे आणि मावश्या गाठल्या. हेमांगीने कोल्हापूरच्या रघुमामांना फोन दिला, कारण त्यांच्याइतका बेभरवशाचा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. आईवडील गेल्यावर मामांनीच तिला वाढवलं. मंडप-डेकोरेशनचा धंदा, आणि गप्पा मारायला बसले की गिऱ्हाईक ताटकळत उभं. गडहिंग्लजला एका लग्नात त्यांचा मंडप ऐन अक्षतांच्या वेळी खाली बसला होता. ती गोष्ट हेमांगीने शंभरदा ऐकली असेल, आणि दरवेळी मंडप वेगळ्याच कारणाने पडे. कधी वारा, कधी खांबाला रेलून झोपलेला नवऱ्याचा काका, कधी दोन बँडवाल्यांची मारामारी. खरं काय झालं होतं, हे बहुधा मामांनाही ठाऊक नव्हतं. आज कोणावर बालंट येणार म्हणून ती लहानपणी श्वास रोखून बसत असे.

शनिवारी ती कोल्हापूरला गेली. मामांची तब्येत छान होती. कपडे इस्त्रीचे, औषधं वेळेवर.

"मामा, गडहिंग्लजचं सांगा की."

"अगं, अक्षता पडल्या आणि मंडप बसला की खाली! आता कशानं?" मामा थांबले, गुडघ्यावर हात ठेवला. "म्हशीनं."

म्हैस नवीन होती. हेमांगी खदखदून हसली. जेवणं झाल्यावर तिने पुन्हा गोष्ट काढली. मामांनी तेच शब्द उच्चारले, त्याच जागी थांबले, त्याच गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हशीनं." संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा थांबणं किती लांब असेल हे तिला आधीच कळलं.

"बरं झालं बाई, फोन दिलास," मामी म्हणाल्या. "पयलं ह्ये माणूस एका गोष्टीला धड नव्हतं. आता कसं शानं झालंय."

दुसऱ्या दिवशी हेमांगी नुसती बघत बसली. मामा फोनला म्हणाले, "आरं, त्यो निळ्या झालरीचं काम करणारा पोरगा, मला शेतात भाकरी दिलती बघ त्यानं, त्याला लाव." पडद्यावर चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. मामा वाट बघत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. "ऱ्हाऊ दे. दुकानात लाव." फोन तत्क्षणी लागला. मामांना बरं वाटलं.

बस, एवढंच होतं. कोणी कोणाला फसवत नव्हतं, धाक दाखवत नव्हतं. ओळखीचं बोललं की फोन चटकन उत्तर देई आणि नवीन काही बोललं की अडखळे. दिवसभर त्याच्याशी बोलणारा माणूस त्या अडखळण्याला कंटाळून चटकन मिळणाऱ्या उत्तराकडे वळे, आणि नवीन काही बोलायचंच सोडून देई. हेमांगीने फोन परत मागितला, तर मामा जत्रेत हात सुटलेल्या मुलासारखे घाबरले. तिने तो बळेच कपाटात ठेवला. मामा दुपारभर खुर्चीत गप्प बसून राहिले आणि शेवटी मामींनीच कपाट उघडलं.

"म्हणजे माणसं फोनच्या मापाची होतायत?" सोमवारी कारखानीसांनी विचारलं. ते हसत नव्हते.

"चप्पल लहान असली की आपण बोटं आखडून चालतो ना, तसं."

ते उठून खिडकीपाशी गेले. "ठीक. चाचणीतल्या सगळ्यांना सोळा जीबीचे फोन देऊ. मनछापा वाढल्या तर बाजारात सोळाच जाईल. कंपनीच्या मालकांशी मी भांडतो. शब्द देतो."

हेमांगीने मामांचा फोन स्वतः नेऊन दिला. आता चक्र फिरणार नव्हतं. काहीही विचारलं तरी उत्तर चटकन येणार होतं. घर मोठं मिळालं की संसार पसरतो, तसे मामाही पसरतील अशी तिला खात्री होती. ती रोज सकाळी पडद्यापुढे उभी राहू लागली.

रेघ चढली नाही. आठवडे गेले, तरी एकाचीही मनछाप चार जीबीच्या वर गेली नाही. सोळातली बाराहून जास्त जीबी रिकामी पडून होती. फोन आता अडखळत नव्हता, पण तो अडखळेल असं काही विचारायलाही कोणी उरलं नव्हतं.

निर्णयाच्या बैठकीत कारखानीसांनी तो आलेख लावला. "सोळा देऊनही वापर चारच्या आत. हेमांगी, मी शब्द पाळायला तयार होतो, पण मला एक तरी माणूस दाखव, ज्याला जास्त लागते."

तिने सगळ्यांदेखत मामांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. "मामा, गडहिंग्लजचा मंडप कशानं पडला?"

"म्हशीनं."

"वाऱ्यानं न्हाई? नवऱ्याच्या काकानं न्हाई? आठवा की, मामा. आनि काय काय झालं हुतं?"

टेबलाभोवतीची माणसं कान देऊन होती.

"आनि कशाला, पोरी?" मामा समजुतीच्या सुरात म्हणाले. "एवढं पुरं हाय की."

कारखानीसांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. मग ते आलेखाकडे वळले आणि म्हणाले, की रेघ अजूनही उतरतेच आहे, तेव्हा यंदा चार आणि पुढच्या वर्षी दोन जीबी करायला हरकत नसावी.

"दोन घातलीत तर दोनच लागेल, सर!"

"मग पुरेलच की," ते म्हणाले. त्यात त्यांना काही वावगं दिसेना.

आपल्या जागेवर येऊन हेमांगीने मामांची मनछाप उघडली. चाचणीचे फोन बदलून पुढे मामांनाही दोन जीबीचाच मिळणार होता, आणि त्यात त्यांच्यातलं काय राहील हे तिला बघायचं होतं. दुकान राहणार होतं. मामी राहणार होत्या, औषधं राहणार होती, सगळं ओळी-दोन ओळींचं. उरलेली जवळजवळ सगळी जागा एकाच नोंदीने व्यापली होती. तिने ती उघडली, आणि आत ती स्वतः होती.

ती फोन करी तो कधीही. कधी पहाटे, कधी महिन्याने. कधी रडे, कधी भांडे, कधी नुसती एखादी वेडीवाकडी लावणी गाऊन फोन ठेवून देई. इतक्या महिन्यांत सोबतीला तिचा अंदाज एकदाही बरोबर आला नव्हता. जागा कमी पडली, की जे सर्वांत मोठं आणि सर्वांत बेभरवशाचं ते आधी बाहेर, हाही नियम तिनेच लिहिला होता. मग तिचं नाव आलं की चक्र फिरेल, आणि मामा म्हणतील, ऱ्हाऊ दे. एका ओळीत मावेल तेवढंच आत राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फोन लावला.

"जेवलासा काय, मामा?"

"व्हय. तू?"

"जेवले," म्हणून तिने फोन ठेवला. त्याच्या पुढच्या दिवशी, त्याच वेळी, तेच विचारलं.

तिसऱ्या दिवशी तिने नोकरीचा राजीनामा दिला. दुपारी फोन लावला तेव्हा मामांना सगळं सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आवाज कालच्यासारखा लागेपर्यंत ती थांबली.

"जेवलासा काय, मामा?"

पलीकडून उत्तर चटकन आलं.