पाच, सहा, बारा

जिन्यात ती चहाचा कप सांभाळत वर चढत होती आणि तो कागदांचं पुडकं छातीशी धरून खाली उतरत होता. एकमेकांना वाट देण्याच्या नादात दोघेही एकाच बाजूला सरकले, मग दोघेही दुसऱ्या बाजूला. शेवटी तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आधी तुम्ही. तुमच्या हातात गरम आहे."

ती दोन पायऱ्या वर गेली असेल, तोच त्याने मागून विचारलं, "इथेच काम करता ना? मग एक सांगा, भूमितीच्या पुस्तकातले त्रिकोण कोण काढतं?"

"का?"

"सगळे एकाच आईची लेकरं वाटतात हो! सगळे आपले मांडी घालून, ताठ बसलेले. एक तरी तिरपा, कलंडलेला असावा की नाही? भेटलं कोणी तर निरोप द्या."

"देते," ती म्हणाली. "आत्ताच मिळाला तिला."

त्याचा चेहरा असा काही पडला की तिला हसू आलं. पण ते तिने चहाच्या कपात लपवलं, कारण राग खरा होता. शालेय पुस्तकांच्या त्या कार्यालयात ती आकृत्या काढायची. तिची रेघ सगळ्यांत स्वच्छ, असं खुद्द संपादकबाई म्हणायच्या. आणि हा कोण कुठला शाळामास्तर, पुस्तक तपासायला काय बोलावला, पहिल्याच दिवशी जिन्यात नावं ठेवतोय!

आठवड्यातून एकदा, शाळा सुटली की तो यायचा. बाहीला खडूची पूड, खिशाला लाल पेन. त्या पेनावरून कार्यालयाने त्याचं नावच 'लालपेन' ठेवलं होतं. तिच्या आकृत्यांवर ते पेन असं फिरायचं की कागद गोवर आल्यासारखा दिसायचा.

"यात चूक काय आहे, सर?" एकदा तिने कंबरेवर हात ठेवून विचारलंच.

"चूक नाही. हा त्रिकोण फार देखणा आहे, हीच पंचाईत आहे." तो खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी बसला. "मी म्हणतो, कुठलाही त्रिकोण काढा. तुमच्या हातून दर वेळी समद्विभुज येतो. दोन बाजू सारख्या. मग वरच्या टोकातून मध्यगा काढा नाहीतर शिरोलंब, दोन्ही एकाच रेघेवर पडतात. मुलं ती आकृती बघतात आणि जन्मभर समजतात, दोन्ही एकच."

"मग मी काय करू? माझा हातच तसा आहे."

"हात चांगलाच आहे." तो गडबडला. "म्हणजे... रेघ. रेघ चांगली आहे."

ती रात्री घरी येऊन धुसफुसली. ऐकायला वहिनी होतीच. भाजी चिरता चिरता वहिनी म्हणाली, "गेल्या आठवड्यातही त्याच्याबद्दलच बोलत होतीस. त्याच्याआधीही. एवढा वाईट आहे, तर जाऊ दे ना."

"जाऊच देणार आहे."

"हो, दिसतंय."

पुढच्या खेपेला तिने एक त्रिकोण मुद्दाम वेडावाकडा काढला. एका बाजूला कलंडलेला, एक कोन हे एवढा पसरलेला. शिरोलंब आतमध्ये मावेनाच, तो बाहेर पडला, आणि त्याला टेकायला तिला पाया तुटक रेघेने लांबवावा लागला. घ्या म्हणावं. आता काय चूक काढता बघू.

त्याने कागद हातात घेतला. मग मोठ्याने हसला. तो हसतो हे कार्यालयात कोणालाच ठाऊक नव्हतं, पलीकडच्या टेबलावरचे लोक मान वर करून बघू लागले.

"हा बघा! शिरोलंब बाहेर पडलाय! हे मी दर वर्षी फळ्यावर काढतो आणि दर वर्षी मला नीट जमत नाही." त्याने खिशातलं लाल पेन काढलं, कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि पेन परत ठेवलं. त्या एका खुणेने तिचा पुढचा अख्खा दिवस चांगला गेला. हे तिने वहिनीला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळपासून ते दोघे बसच्या थांब्यापर्यंत बरोबर जाऊ लागले. कार्यालयाच्या मागच्या दारातून एक गल्ली तिरकी थेट थांब्याशी निघायची. तो मात्र पुढच्या रस्त्याने घड्याळाच्या दुकानापर्यंत जायचा आणि तिथून वळायचा.

"सर, एक शंका आहे," ती एकदा म्हणाली. "त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते ना?"

"असते. नेहमीच."

"मग आपण दर वेळी दोन बाजू का चालतो?"

तो दुकानातल्या घड्याळांकडे बघत राहिला. "गल्लीत... खड्डे आहेत."

"असं होय."

"आणि कुत्रं आहे एक."

"बापरे," ती म्हणाली. कुत्रं तिने रोज पाहिलेलं होतं. ते म्हातारं होतं आणि सदा झोपलेलं असायचं.

पुस्तक मात्र संपत आलं. शेवटच्या प्रकरणातली उदाहरणं तेवढी राहिली होती. पुढच्या वेळी येईन ती शेवटचीच खेप, असं तो एकदा जाता जाता म्हणाला. तिने मान डोलावली आणि घरी येऊन ताटावर नुसती बसून राहिली. त्याला आवडत असेन का मी, की नुसती रेघच आवडते? स्वतः विचारायचं धाडस नव्हतं. पुस्तक संपलं की त्याला इथे यायचं कारणच उरणार नव्हतं, आणि तिच्याकडे दुसरं कारण तयार नव्हतं.

म्हणून तिने एक तयार केलं. शेवटच्या उदाहरणात परिमिती काढायची होती. आकृती सुरेख होती, फक्त बाजूंवर तिने लिहिलं: पाच, सहा आणि बारा. असा त्रिकोण होऊच शकत नाही. पाच आणि सहा मिळून अकरा, बाराच्या दोन टोकांना ते गाठणार कसे? लालपेन हे बघेल, कपाळाला हात लावेल, कागद परत करेल आणि सुधारलेला बघायला आणखी एकदा येईल. एवढाच तिचा बेत होता.

तो आला. पानं उलटत शेवटच्या पानावर थांबला. त्याने बराच वेळ त्या पानाकडे बघितलं, बरोबरची खूण केली, खाली सही केली आणि उठला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. छान काम केलंत तुम्ही." त्याने ओठ उघडले, मिटले. "बरं... येतो."

खिडकीतून तिने पाहिलं. तो एकटाच मागच्या दाराने बाहेर पडला आणि गल्लीतून सरळ निघून गेला.

आयुष्यात इतकं वाईट तिला क्वचितच वाटलं होतं. सगळ्या पुस्तकभर अर्ध्या मिलिमीटरसाठी वाद घालणारा माणूस, आणि तिच्या शेवटच्या आकृतीकडे त्याने धड पाहिलंही नव्हतं! रडायलाही तिला सवड मिळाली नाही. दोन दिवसांनी संपादकबाई म्हणाल्या, पानं छापखान्यात गेली, उद्या सकाळी यंत्र सुरू होईल. हजारो मुलांच्या दप्तरात तो त्रिकोण जाणार होता. आणि छापखान्याचा नियम असा, की तपासनिसाच्या सहीशिवाय एक आकडाही बदलायचा नाही.

ती त्याच्या शाळेत पोचली तेव्हा शाळा सुटली होती. रिकाम्या वर्गात तो बाकांवरून कागदी नळ्यांचे तुकडे गोळा करत होता. तिला बघून त्याच्या हातातले निम्मे खाली पडले.

"तुम्ही? इथे?"

तिने त्या पानाची कार्यालयातली प्रत टेबलावर ठेवली. "सर, हे बघा. नीट बघा."

त्याने बघितलं. मग त्याचे कान लाल झाले. "पाच, सहा... बारा? हे माझ्या हातून गेलं?"

"सही तुमचीच आहे."

"अहो, मी आज दिवसभर हेच शिकवत होतो! ह्या नळ्या त्यासाठीच..." तो खुर्चीत बसला. "एवढी मोठी चूक मला दिसली कशी नाही?"

"ती चूक मी मुद्दाम केली," ती म्हणाली. आता आलोच आहोत, तर आडपडदा कशाला? "तुम्ही कागद परत पाठवता तेव्हा तुम्ही स्वतः पण परत येता. म्हणून. आणि तुम्ही पाहिलंसुद्धा नाही."

मैदानावर कोणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं.

"मी पाहत होतो," तो हळू म्हणाला. "पण आकडे नाही. शेवटचं पान आहे, आता बोललं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. मनात वाक्य जुळवत होतो. जुळलं नाही, म्हणून गल्लीतून पळालो."

"कुठलं वाक्य?"

"छापखाना सहाला बंद होतो. आपण आधी—"

"सर!"

त्याने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "माझं घर थांब्याच्या बाजूला नाहीच. कार्यालयाच्या मागे आहे, त्याच गल्लीच्या उलट टोकाला. तुम्हाला सोडून मी तेवढंच परत चालत यायचो. मला तुम्ही आवडता. खूप. पुस्तक संपलं तरी मला तुमच्याबरोबर लांबच्या रस्त्याने जायचंय. हेच वाक्य होतं."

"बरं होतं की," ती म्हणाली. "एवढं जुळवायला काय झालं होतं?"

छापखान्यात ते धापा टाकत पोचले तेव्हा यंत्रावरचे काका हात पुसत निघण्याच्या तयारीत होते. काकांनी पान दिव्याखाली धरलं. बाराचे नऊ झाले, त्याने शेजारी सही केली. काका चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिले.

"मास्तर, तुमच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, आणि हे सुटलं? लक्ष कुठे होतं?"

"ह्यांच्याकडे," तो म्हणाला.

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि दिवा मालवला.

दोघे बाहेर आले. बसचा थांबा समोरच होता, रस्ता ओलांडला की झालं. तिची बसही आलेली होती. तिने बसकडे पाहिलं, पदर सावरला आणि थांब्याकडे पाठ करून चालू लागली.

"अहो, तुमची बस!"

"तिकडे कुत्रं आहे," ती म्हणाली. "चला."