दुसरं शिंग

वीज येईपर्यंत इथंच बसा, आणि मधे बोलू नका. ही गोष्ट माझ्या ओळखीतल्या सुरीवाल्याची आहे. सुऱ्या बनवतो, त्यांना शिंगाच्या मुठी बसवतो. सांबरांची शिंगं दर वर्षी आपोआप गळतात, तीच रानातून वेचून आणायची.

गेल्या मार्चमधला शेवटचा शनिवार. बायको माहेरी गेलेली, म्हणून त्यानं हाताखाली काम करणाऱ्या मेहुण्याला बरोबर घेतलं. मेहुणा भारी बडबड्या.

"सांबराचं बरंय दाजी, डोक्यावरचं ओझं एकदाचं गळून पडतं. तुमचं माहेरी गेलं तरी चार दिवसांत परत येतं."

"ताईला सांगू का तुझ्या?"

ओढ्याकाठी एक शिंग सापडलं. हातभर लांब, बुडाशी अजून ओलं. "जोडीतलं दुसरं जवळच असणार," म्हणत मेहुणा झाडीत शिरला. बराच वेळ आलाच नाही. हाका मारून सुरीवाल्याचा घसा बसला. अंधारून आलं तेव्हा मेहुणा भलत्याच बाजूनं आला, रिकाम्या हातानं.

"नाही सापडलं."

एवढंच. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. न जेवताच आतल्या खोलीत जाऊन झोपला. दमला असेल, असं सुरीवाल्याला वाटलं. त्यानं बाहेरच्या दाराला आतून कडी घातली आणि बाहेरच्या खोलीत अंग टाकलं.

मध्यरात्री दारावर थाप पडली.

"दाजी... उघडा. दुसरं सापडलं."

मेहुण्याचाच आवाज. धापा टाकत होता.

सुरीवाला झोपेतच उठला. कडीला हात लागला... आणि तिथंच थांबला.

आतल्या खोलीत कुणीतरी घोरत होतं.

घोरणं थांबलं.

"दाजी," आतून आवाज आला. तोच आवाज. "उघडू नका."

मग बाहेरून हळूच...

"दाजी, आत कोण आहे?"

सुरीवाल्यानं कसंबसं विचारलं, "लहानपणी ताईला काय म्हणायचास?"

"चिमणी."

दोघांनी एकदमच सांगितलं.

बाहेरचा रडायला लागला. "मला रानात टाकून आलात, दाजी... किती हाका मारल्या मी..."

सुरीवाला कोपऱ्यात जाऊन बसला. शिंग उराशी धरलं. डोळे घट्ट मिटले.

रडणं विरत गेलं. मग घासल्याचा आवाज. लाकडावर. सावकाश. खर्र... खर्र...

उजाडेपर्यंत.

सकाळी मेहुणा आळस देत आतल्या खोलीतून बाहेर आला. "चहा टाकू का, दाजी?" म्हणाला. रात्रीचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून जरा कमी बोलतो, एवढंच. आजही त्याच घरात राहतो.

त्या सकाळी सुरीवाल्यानं कडी काढली. अंगणात कुणी नव्हतं. धुळीत पाऊल नाही, खूर नाही. दार बाहेरून जसंच्या तसं.

खोल ओरखडे होते. वरपासून खालपर्यंत.

दाराच्या आतल्या बाजूला.