कण्हेरीतला मुक्काम

सोसायटीच्या फाटकाशी पूर्वी पाण्याच्या वेळांचा फळा असे. आता तिथे माश्यांचा माग दाखवणारा पडदा होता. शहरातल्या मधमाश्या संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या रेवा आंबेकरने बागेत बांबूच्या नळ्या टांगून रानमाश्या वाढवल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर धुळीएवढा ‘मागकण’ चिकटवलेला. माशी उडाली की पडद्यावर पिवळा ठिपका सरके.

पण ठिपके दिवसेंदिवस कमी होत चालले होते. या माश्या टिकल्या नाहीत तर पुढच्या वर्षी नव्या माश्या वाढवायला रेवाकडे बीजच उरणार नव्हतं.

बागसमितीच्या अध्यक्ष मंदाकिनीबाई टिपणीस यांनी गुन्हेगार केव्हाच ठरवला होता. तळमजल्यावरचे दोडके डासांसाठी फवारा मारतात, असं त्यांनी भर सभेत सुनावलं. “वहिनी, मी फवारा कधीच बंद केलाय,” दोडके म्हणाले. पण मंदाकिनीबाईंपुढे कोणाचं काय चालणार? बिचाऱ्यांनी हात जोडून माफी मागितली.

आज रेवाने मंदाकिनीबाईंना पडद्यापाशी बोलावलं.

“काकू, हा पडदा आतापर्यंत फक्त बाग दाखवायचा. काल मी आपली इमारतही जोडली. कालची संध्याकाळ बघा.”

ऊन उतरलं तसे ठिपके पिवळ्या कण्हेरीकडे वळले आणि तिथेच थांबले. “नळीत या फक्त अंडी घालतात. झोपायला मात्र कण्हेरीच्या फुलात आत शिरतात,” रेवा म्हणाली. थोड्या वेळाने बरेचसे ठिपके एकदम हलले, जिना चढले आणि पहिल्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन थांबले. पुन्हा हललेच नाहीत.

मंदाकिनीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या कोपऱ्यात त्यांचा फ्रिज होता.

सकाळी फिरायला येणारी मंडळी देवाच्या नावाने झाड ओरबाडतात, म्हणून मंदाकिनीबाई आदल्या संध्याकाळीच पूजेची फुलं खुडून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवत. तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये, हे त्या नातवंडांना बजावत; स्वतःला तेवढी सूट होती.

“सभेत सांगावंसं नाही वाटलं,” रेवा म्हणाली.

“मी दोडक्यांना सभेतच बोलले होते,” मंदाकिनीबाई पुटपुटल्या. मागे वळल्या तर दुधाची पिशवी घेऊन दोडके उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मंदाकिनीबाईंना इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

“मेल्या असतील का गं सगळ्या?”

“काही नुसत्या गारठल्या असतील. उन्हात ठेवून बघू.”

तिघांनी वर जाऊन मंदाकिनीबाईंच्या गॅलरीत ताटामध्ये डबा उपडा केला. दोडके एकेक फूल बोटाने अलगद उघडू लागले. बऱ्याच वेळाने एका माशीचा पाय हलला. मग दुसरीचा पंख. बाकीच्या तशाच पडून राहिल्या.

मंदाकिनीबाई देवघराशी गेल्या. सकाळी महादेवाला वाहिलेलं फूल त्यांनी उचलून आत पाहिलं. आतली माशी पाय पोटाशी घेऊन मरून पडली होती.

“भाऊजी,” त्या वळून न बघता म्हणाल्या, “उद्या सभा बोलावते, तुमची माफी तिथेच मागते. पण इतके दिवस मी देवाला काय वाहत होते हो?”