सातवा वादक

कॉमिक्स तपासून मंजुरीचा शिक्का मारणाऱ्या मंडळाच्या साहेबांनो, तुम्हाला तो दिसत होता. तीन आठवडे दिसत होता, आणि तुम्ही फक्त 'पुसा' म्हणत राहिलात.

न्यूयॉर्क, पंचावन्न साल. वर्ना पुलास्की प्रेमकथांच्या कॉमिक्सची पानं शाईनं पक्की करायची. मूळ चित्रं काढणारा पेन्सिलवाला कायम घाईत. नायिका आणि बँडमास्टर रेक्स डेलानी एवढेच नीट काढायचा. मागचे वादक म्हणजे नुसती अंडी. त्यांना नाकडोळे द्यायचे वर्नानं. त्यामुळे प्रत्येक डोकं तिच्या ओळखीचं. ज्या पानाची ही गोष्ट, त्यावर सहा होती.

तुमची पहिली चिठ्ठी आली. 'सातवा वादक नायिकेकडे असभ्य नजरेनं पाहतो. पुसा.'

"सातपर्यंत मोजता येतं ना गं तुला?" संपादक लिप्नर म्हणाला.

"येतं. मंडळाला येतं का विचारा."

"त्यांना विचारायची माझी टाप नाही. शिक्का नाही तर अंक नाही, अंक नाही तर तुझ्या हातात नारळ."

ढोलवाल्याशेजारच्या मोकळ्या जागेवर तिनं पांढरा रंग फासला. तेवढंच समाधान.

दुसरी चिठ्ठी. 'त्यानं ट्रम्पेट खाली ठेवलं आहे. नजर आता नायिकेवर नाही, पानाबाहेर आहे. पुसा.'

लिप्नरनं या वेळी थट्टा केली नाही. "शुक्रवारपर्यंत, वर्ना. मग माझा नाइलाज."

तिनं पान खिडकीच्या उजेडात धरलं, भिंगाखाली घातलं. सहाच. पितळ घासायच्या पॉलिशचा वास मात्र येत होता. मंगळवारी तिनं तो अख्खा कोपरा पुन्हा रंगवला. एका जागी कुंचला अडखळला, कोटाच्या बटणावरून जावा तसा. त्यानंतर तिनं रंगाला हात लावला नाही.

शुक्रवारी भर दुपारी पान परत आलं. शिक्का होता. 'वादक आता पानावर नाही. मंजूर.'

"सुटलीस बाई," लिप्नर म्हणाला. "जा, जेवून घे."

तिनं पान उचललं. सहा जण वाजवत होते. पांढऱ्या कोपऱ्यात सातवी खुर्ची होती, रिकामी.

ती तिनं रेखाटली नव्हती.

"हे काय गं," मागून लिप्नर म्हणाला, "तुझ्या खांद्यावर रंग कसला?"

पांढरा. ओला.

चार बोटं.

तिनं तुम्हाला फोन केला. तुमचा कारकून म्हणाला, प्रकरण मिटलं.

मिटलं नाही. पानावर नाही, हे तुम्हीच लिहून दिलंत. मग तो कुठे आहे, सांगा.