काथ्याचे ग्लव्ह्ज

"सांग गो, ह्यात हो काथो कोणी भरलो?"

ग्लेनिशाच्या आईने, बर्नादेतने, जेवणाच्या टेबलावर आपटलेला तो काळा बॉक्सिंगचा ग्लव्ह पोटाशी उसवलेला होता, आणि त्यातून नारळाच्या काथ्याचे तांबूस गोळे बाहेर पडत होते. घामाने भिजून, वाळून, पुन्हा भिजून ते दगडासारखे घट्ट झाले होते. दारात रहिमा चाची उभी होती. तिच्या ओढणीच्या टोकाला रक्त लागलं होतं. ते तिच्या रुमानाचं होतं, ग्लेनिशाच्या जिवलग मैत्रिणीचं! दुपारी सरावात ग्लेनिशाचा एक साधा उजव्या हाताचा ठोसा रुमानाच्या भुवईवर बसला, कातडी फाटली आणि टाके घालावे लागले. कोचनी, जितेंद्र सरांनी, तिथल्या तिथे ग्लव्ह उसवून पाहिला होता आणि ते स्वतः तो घेऊन घरी आले होते.

"ग्लेनिशा," सर शांतपणे म्हणाले, "ग्लव्ह्जमध्ये काही भरणं हा आपल्या खेळातला सगळ्यांत मोठा अपराध आहे. हे तू केलंस?"

ग्लेनिशाने ग्लव्ह हातात घेतला. तिला खरंच काही ठाऊक नव्हतं! हे ग्लव्ह्ज मुंबईहून कुणाच्या तरी वापरातून आलेले. बोटांच्या सांध्यांवरचा फोम बसून पापडासारखा झाला होता. मग मधेच एके दिवशी ते पुन्हा भरदार वाटू लागले, आणि तिला वाटलं होतं, उन्हात ठेवल्याने फुगले असतील! आता तिची नजर उसवलेल्या कडेवर गेली. निळा, मेण लावलेला दोरा. टाके बाहेरून दिसणार नाहीत अशी आतून घातलेली शिलाई, आणि शेवटची गाठ कापडाच्या पोटात सरकवलेली.

जामसंडे-देवगडात रिक्षांच्या सीटा आणि होड्यांच्या गाद्या शिवणारे पुष्कळ होते. पण गाठ अशी पोटात लपवणारा माणूस एकच होता.

तिने मान वर करून बापाकडे पाहिलं. आर्थर खिडकीशी उभा होता. वर्षभर त्याने तिच्या बॉक्सिंगला बरं म्हटलं नव्हतं की वाईट म्हटलं नव्हतं. विचारलं की नुसता हुंकार द्यायचा. आणि त्याच माणसाने कुणाला न सांगता, लेकीची बोटं दुखू नयेत म्हणून, आपल्या कारखान्यातला काथ्या ह्या ग्लव्ह्जमध्ये हलक्या हाताने भरला होता! आपला बाप आपल्यावर किती माया करतो हे तिला त्या क्षणी कळलं... आणि त्याच क्षणी त्या बापाने मान खाली घातली.

तो बोलेल म्हणून ती थांबली. बाहेर कुणाची तरी स्कूटर गेली. तो बोलला नाही.

"मियां," ग्लेनिशा म्हणाली. "मियां भरलो."

बर्नादेतचा हात सणकन तिच्या गालावर बसला. "देवा सायबा! मैत्रिणीच्या तोंडार मारूक काथो भरलंस? ह्याच शिकयलंय मियां तुका?"

रहिमा चाची वळली आणि पायऱ्या उतरून गेली. तिची ती पाठ ग्लेनिशाला आईच्या थपडेहून जास्त लागली.

"सरावातल्या लढतीचे, स्पारिंगचे नीट ग्लव्ह्ज आणल्याशिवाय आणि रुमाना हो म्हटल्याशिवाय शेडमध्ये यायचं नाही," जितेंद्र सर जाताना म्हणाले.

सगळे गेल्यावर आर्थर पुटपुटला, "सोड तां बॉक्सिंग, बाय. गजाल मिटान जायत."

ग्लेनिशाने डोळे पुसले. "सोडूचंय नाय," ती म्हणाली. "मिटवची पण नाय."

*

त्यांचा सराव चालायचा तो आंब्याच्या पॅकिंगच्या शेडमध्ये. हंगाम संपला की शेड रिकामी असते. मग रिकाम्या लाकडी पेट्या चार कोपऱ्यांत रचायच्या, त्यांना दोर बांधायचे, की झालं रिंगण. पेंढ्याचा वास वर्षभर तिथेच रेंगाळतो. आता ग्लेनिशा शेडवरून जाताना तो वास श्वासात भरून घेई आणि तशीच पुढे बंदरावर जाई. तिथे ती कॉलेजच्या आधी कोळंबी सोलू लागली होती. ग्लव्ह्ज तिला स्वतःच्या कमाईने घ्यायचे होते.

"गो काथ्यावाली!" बंदरावरची मुलं ओरडत. "आज हातात काय भरलंस? वाळू?"

"ये फुडे, दाखवतंय!" ती न थांबता म्हणे, आणि कुणी पुढे येत नसे.

पण कोळंबीच्या काट्यांनी बोटांना चिरा पडल्या, त्यांत मीठ गेलं की डोळ्यांत पाणी येई. आर्थरला ती बोटं दिसत. एकदा जेवताना त्याने नोटांची घडी तिच्या ताटाजवळ सरकवली.

"घे गो. ग्लव्ह्ज घे."

तिने घडी परत सरकवली. "तुमचे पैशे नको माका, पप्पा. तुमच्याकडसून माका वेगळाच काय तरी व्हया."

आर्थरच्या हातातला घास तसाच राहिला. बर्नादेतने दोघांकडे पाहिलं. तिला काही उमगलं नाही. नवऱ्याच्या नावाला ती फार जपत असे. मालवणपासून विजयदुर्गापर्यंत होडीवाले म्हणत, आर्थरच्या शिलाईत खोट नाही. रुमानाचे बाबा अब्बास चाचा पर्यटकांची होडी चालवत, तेही गाद्या त्याच्याकडेच टाकत. हे सगळं ग्लेनिशालाही ठाऊक होतं, म्हणून तर तिने ओठ शिवून घेतले होते! तिला बापाचं नाव बुडवायचं नव्हतं. पण काथ्या भरणाऱ्याचं नाव त्याने स्वतःच घ्यावं, ह्या एकाच आशेवर ती रोज पहाटे उठत होती.

*

पुरेसे पैसे साठले, तेव्हा ती कणकवलीला निघाली. एकटी जाऊ नको म्हणून बर्नादेतने हटकलं, आणि आर्थर न बोलता शर्ट घालून स्टँडवर येऊन उभा राहिला. एसटीत दोघांच्या मध्ये ग्लेनिशाची रिकामी पिशवी होती. घाट संपेपर्यंत त्यांपैकी कुणी ती उचलली नाही.

खेळाच्या सामानाच्या दुकानात दुकानदाराने लालभडक, चकचकीत चामड्याचे ग्लव्ह्ज पुढे ठेवले. "हे घे. दहा औंसाचे. हलके, हात विजेसारखा जातो. मुली हेच नेतात."

ते फार सुंदर होते. ग्लेनिशाचा हात क्षणभर त्यांवरून फिरला... मग तिने ते बाजूला केले. "हे स्पर्धेक. माका स्पारिंगक व्हये. सोळा औंसाचे दाखवा, जाड फोमाचे."

तिने आधी पिशवीतली पट्टी काढून हाताला नीट गुंडाळली, कारण मोकळ्या हाताला बसणारा ग्लव्ह पट्टी बांधल्यावर आवळतो. चामड्याचे सोळा औंसाचे तिच्या पैशांत बसत नव्हते, त्याचं तिला वाईटही वाटलं नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते. नाडीचे नकोत, नाडी बांधायला दुसरं माणूस लागतं. पट्टा चिकटवायचे बरे. अंगठा बाकीच्या बोटांना शिवलेला हवा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. असं एकेक पाहत तिच्यासमोर दोन साधे काळे जोड उरले.

तिने दोन्ही आळीपाळीने हातात घालून बोटांच्या सांध्यांवरच्या फोममध्ये दुसऱ्या हाताचा अंगठा रोवला. एकात अंगठा भसकन आत गेला आणि थेट आतल्या बोटांच्या हाडाला भिडला. दुसऱ्यात तो सावकाश बुडाला, आणि काढल्यावर खळगा तितक्याच सावकाश भरून आला. लहानपणी कारखान्यात आर्थर तिला मांडीवर घेऊन फोमच्या लाद्या अशाच दाबायला लावायचा. "सावकाश उठता तो बरो, बाय," तो म्हणायचा. आताही तो शेजारीच होता. त्याचा अंगठा नकळत त्या ग्लव्हकडे गेला होता आणि मधेच थांबला होता.

ग्लेनिशाने तो ग्लव्ह उचलला आणि बापापुढे धरला.

"घाला हातात."

"मियां?"

"घाला, पप्पा." तिने स्वतःच त्याच्या सुईने भोकसलेल्या जाड बोटांवर ग्लव्ह चढवला, पट्टा घट्ट चिकटवला आणि त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. "आता मारा. हयसर." तिने आपल्या भुवईवर बोट ठेवलं, जिथे रुमानाला टाके पडले होते तिथेच.

"खुळी झालंस काय गो!"

"रुमानान खाल्लो तो, मियां खाऊक नको? कसो लागता तां बघूक नको? मारा!"

दुकानदार पावतीपुस्तक हातात धरून बघतच राहिला. आर्थरने हात उचलला. तो काळा हात लेकीच्या कपाळापर्यंत आला, आणि तिथेच त्याची सगळी ताकद गेली. त्याने ग्लव्हसकट आपलं तोंड झाकलं आणि तो मोठा माणूस भर दुकानात लहान मुलासारखा रडू लागला.

"मियां तुझ्या बोटांचो इचार केलंय गो... त्या चेडवाच्या कपाळाचो केलंय नाय! गादी शिवताना बसणाऱ्याचो इचार करतंय, आणि हयसर... हयसर माका फक्त तूच दिसलंस!"

ग्लेनिशाचाही बांध फुटला. पण तिने त्याचा हात सोडला नाही. "स्पारिंगचे ग्लव्ह्ज आपल्या हातासाठी नसतत, पप्पा. समोरच्याच्या तोंडासाठी असतत. आपणाक परत उद्या तिच्याबरोबरच खेळूचा असता."

"तू माझां नाव कित्या घेतलंस नाय?"

"घेवक व्हया होता?"

आर्थरने डोळे पुसले. "नाय," तो म्हणाला. "तां मियांच घेवक व्हया होता."

"मगे घेवा. आजच."

*

एसटीतून उतरून दोघं घरी न जाता थेट अब्बास चाचांच्या दारात गेली. रहिमा चाचीने दार अर्धवटच उघडलं.

"भाभी," आर्थर पायरीवरूनच म्हणाला, "तो काथो मियां भरलो. माझ्या चेडवाक म्हायत पण नव्हता. तिना माझो गुन्हो आपल्या माथ्यार घेतलो, आणि मी मेलो बघीत रवलंय."

अब्बास चाचा आतून आले. "आर्थर," ते हळूच म्हणाले, "ह्या सांगूक इतके दिस?"

"होय. इतके दिस. लाज वाटली." त्याने सबब सांगितली नाही. "गाद्यो दुसऱ्याक दिलास तरी माझा काय म्हणणा नाय."

तेवढ्यात रुमाना पुढे आली. भुवईवर गुलाबी वण उमटला होता. "माका ठावक होता," ती म्हणाली. "जिका शाळेच्या फ्रॉकाक साधो टाको घालूक येना नाय, ती लपवी शिलाई घालतली?"

"मगे बोललंस कित्या नाय?" ग्लेनिशा ओरडलीच.

"तू सांगशीत म्हणान वाट बघी होतंय! माका कित्या नाय सांगलंस?" आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून भांडत भांडत रडू लागल्या.

रहिमा चाचीचा चेहरा अजून कठोरच होता. तिने ग्लेनिशाच्या पिशवीतून नवा ग्लव्ह काढला, अंगठ्याने दाबला आणि पाळण्यातल्या पोराची उशी तपासावी तसा आपल्या गालावर टेकवून बघितला. मग ग्लव्ह परत देत म्हणाली, "मार. पण माझ्या चेडवाक बघून मार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बर्नादेत आणि आर्थर शेडमध्ये पेट्यांशेजारी उभे होते. आर्थरने रात्रीच बर्नादेतला आणि सरांना सगळं सांगितलं होतं. बर्नादेतने लेकीच्या ज्या गालावर थप्पड मारली होती, त्याच गालावर मघाशी, सगळ्यांसमोर, ओठ टेकवले होते. आर्थर हात मागे बांधून उभा होता. बंदरावरची मुलंही दाराशी जमली होती.

जितेंद्र सरांनी फेरी सुरू करायला पत्र्यावर काठी मारली. रुमानाने ग्लव्ह्ज वर उचलले, डोळे मिचकावले आणि हाक दिली, "ये गो, काथ्यावाली!"

दाराशी हशा पिकला. आर्थरची मान पुन्हा खाली जाऊ लागली... पण ग्लेनिशाने ती जाऊ दिली नाही. तिने पेट्यांकडे वळून, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं,

"काथ्यावाली नाय! काथ्यावाल्याचा चेडू!"

आणि पुढे होऊन तिने पहिला ठोसा टाकला. रुमानाच्या भुवईवर तो अलगद, सावकाश बुडाला, आणि रुमाना हसली.